तोलार खिंडीत उसवलेला पट्टा : ट्रेकसाठीच्या छोट्या शिवण-डबीचा प्रकरण अभ्यास

ठाण्यातून दर हिवाळ्यात सह्याद्रीत दोन-तीन दिवसांच्या भटकंतीला जाणाऱ्या आमच्या गटाकडे सामायिक सामानाची एक ठरलेली यादी आहे. तंबू, दोर, स्टोव्ह, प्रथमोपचाराची पेटी या वस्तू निघण्यापूर्वी बारकाईने तपासल्या जातात. ‘सुई-दोरा’ ही नोंद मात्र यादीच्या तळाशी असे, आणि ती वस्तू आहे की नाही एवढेच पाहिले जाई. हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर एका सॅकचा खांद्याचा पट्टा उसवला, तेव्हा त्या नोंदीखाली नेमके काय असायला हवे हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला. तो प्रसंग, वाटेत झालेल्या दोन दुरुस्त्या, परत आल्यावर केलेली तपासणी आणि त्यातून तयार झालेली शिवण-डबी यांची ही नोंद आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : ट्रेकच्या शिवणसामानाची निवड कपडे डोळ्यांपुढे ठेवून करू नये, ओझे पेलणारे जोड डोळ्यांपुढे ठेवून करावी. शर्टाचे बटण तुटले तर माणूस तसाच घरी येऊ शकतो; सॅकचा पट्टा तुटला तर बारा किलो ओझ्याचे काय करायचे याचे उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागते.

घटना

आम्ही नेहमीच्या वाटेनेच निघालो होतो. कल्याणहून माळशेज घाटातून आळेफाट्याकडे जाणारी एस.टी. खुबी फाट्यावर सोडते, तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधाने खिरेश्वर गाठायचे आणि गावातून तोलार खिंडीकडे चढायला लागायचे. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे आणि तिथे बहुतेक गट विसावा घेतात, कारण पुढे लगेच रेलिंग लावलेला कातळटप्पा सुरू होतो. त्या टप्प्यावर दोन्ही हात मोकळे असावे लागतात आणि पाठीवरचे ओझे अंगाला घट्ट चिकटलेले असावे लागते.

विसावा संपवून उठताना गटातील एका तरुणीने आपली साठ लिटरची सॅक एकाच पट्ट्याला धरून झटक्यात उचलली. पट्टा वरच्या टोकाला, जिथे तो पाठीच्या कापडात शिवलेला असतो, तिथे अर्ध्याहून अधिक उसवला. ही सवय जवळजवळ सर्वांनाच असते. खरे तर सॅकच्या वरच्या बाजूला मधोमध एक आखूड पट्टी उचलण्यासाठीच दिलेली असते, पण हात सहज खांद्याच्या पट्ट्याकडे जातो आणि पूर्ण वजनाचा हिसका एकाच जोडावर बसतो.

सामानातून सुई-दोरा काढला. हॉटेलांच्या खोल्यांमध्ये ठेवतात तसले ते पाकीट होते : दोन बारीक सुया, सहा रंगांच्या दोऱ्याच्या लहान गुंड्या, दोन बटणे आणि एक सेफ्टी पिन. पट्ट्याच्या मुळाशी पट्ट्याचे कापड, आतला फोम, पाठीचे जाड नायलॉन आणि काठाला लावलेली गोट असे थर एकावर एक असतात. पहिली सुई त्यात अर्ध्यावर जाऊन वाकली. दुसरी दगडाने ढकलताना नेढ्यापाशी तुटली. तोपर्यंत घातलेले दोन-तीन टाके सॅक उचलून पाहताच तुटले. शेवटी ओढदोरी पट्ट्याभोवती आणि उचलण्याच्या पट्टीतून गुंडाळून गाठ मारली, सॅकमधले जड सामान इतरांनी वाटून घेतले आणि कातळटप्पा पार केला.

संध्याकाळी गडावर जेवणाची सोय करणाऱ्या एका मावशींच्या झोपडीत दुसरी दुरुस्ती झाली. “मावशी, जाड सुई मिळेल का?” असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “सुई कुठली, पोतं शिवायचं दाभण हाय. चालंल का बघा.” दाभण कापडातून लोण्यासारखे गेले. सुतळी फारच जाड वाटली, म्हणून नायलॉनच्या दोरीच्या आतले धागे सोडवून तेच वापरले. टाके जवळजवळ, एका आडव्या ओळीत आणि खूप घट्ट घातले. दिसायला काम भक्कम होते आणि रात्री त्यावर कोणी शंका घेतली नाही. दुसऱ्या दिवशी उतरताना, खिरेश्वर दिसू लागल्यावर, पट्टा पुन्हा निसटला. या वेळी दोरा शाबूत होता, एकही टाका सुटला नव्हता. दाभणाने पाडलेल्या भोकांच्या ओळीवरून कापडच फाटले होते. पहिल्यांदा सुई आणि दोरा अपुरे पडले, दुसऱ्यांदा दोन्ही गरजेपेक्षा जास्त होते, आणि दोन्ही वेळा जोड टिकला नाही. पुढचे सारे काम या दोन अपयशांमधली जागा शोधण्याचे होते.

शिवण कशी सुटते

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला बॅगा आणि चपला दुरुस्त करणारे कारागीर बसतात. त्यांच्यापैकी एकांकडे ती सॅक नेली. “काका, शिलाई कमी पडली का?” या प्रश्नावर त्यांनी फाटलेला भाग उलटा करून आमच्यासमोर धरला आणि म्हणाले, “शिलाई नाही हो, कापड कमी पडलं. एवढी भोकं एका रांगेत पाडलीत, मग तिकिटासारखं फाटणारच की ते.”

मग त्यांनी मूळ शिवण उलगडून दाखवली. कारखान्यात पट्ट्याचे टोक पाठीच्या शिवणीत जेमतेम एक सेंटिमीटर आत घेतलेले होते आणि त्या कापडाच्या कडेचे धागे सुटून झालर झाली होती. शिवायला घेतलेले कापड असे सुटत गेले की टाक्याला धरायला काहीच उरत नाही. मशिनची टीप वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवून तयार होते, त्यामुळे एक दोरा घासून तुटला की दुसऱ्याची पकड जाते आणि हिसका बसताच पुढचे टाके सैल होत जातात.

काकांनी केलेली दुरुस्ती मी जवळ बसून पाहिली. त्यांनी आधी सुटलेल्या कडेवर लायटरची ज्योत क्षणभर फिरवली, त्यामुळे नायलॉनचे धागे वितळून एकमेकांना चिकटले. मग पट्ट्याच्या मागे, सॅकच्या आतल्या बाजूने, विणलेल्या जाड पट्टीचा बोटभर तुकडा ठेवला. आरीने एक भोक पाडायचे, दोऱ्याच्या दोन टोकांना ओवलेल्या दोन सुया दोन्ही बाजूंनी त्याच भोकातून पार करायच्या, दोन्ही टोके एकाच वेळी बाहेर ताणायची आणि मगच पुढचे भोक पाडायचे, असा त्यांचा क्रम होता. प्रत्येक ताणीला दोऱ्यावर चोळलेल्या मेणाचा बारीक चर्र आवाज येत होता आणि टाका जिथे बसवला तिथेच राहत होता. दोन भोकांत त्यांनी चार ते पाच मिलीमीटर अंतर ठेवले. टाक्यांच्या ओळी चौकोनात आणि त्याच्या कर्णांवर गेल्या, एका आडव्या रेषेत नाहीत. या पद्धतीत एका बाजूचा दोरा घासून तुटला तरी दुसऱ्या बाजूचा दोरा प्रत्येक भोकात कायम असतो, आणि मागच्या तुकड्यामुळे ताण एका ओळीवर न येता सगळ्या चौकोनावर पसरतो.

बादलीची परीक्षा

काकांचे काम आम्हाला डोंगरावर, हेडटॉर्चच्या उजेडात आणि थंडीने आखडलेल्या बोटांनी जमेल का, हे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी जुन्या सॅकचे कापड आणि पंचवीस मिलीमीटर रुंदीची पट्टी घेऊन वेगवेगळ्या सुयांनी व दोऱ्यांनी तुकडे शिवले आणि घराच्या न्हाणीघरातील आडव्या दांडीला ते टांगून खाली बादली अडकवली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे मगाने पाणी ओतत गेले की वजन वेगळे मोजावे लागत नाही.

पाहिले ते थोडे अनपेक्षित होते. घरातील नेहमीच्या बारीक दोऱ्यानेही, टाके पुरेसे असतील तर, जवळजवळ भरलेली बादली शांतपणे पेलली. तीच बादली वितभर उचलून सोडली की एक टाका तुटे, त्याचा भार शेजारच्यावर जाई आणि तोही तुटे. उतारावर पायरी उतरताना पाठीवरचे वजन प्रत्येक पावलाला असेच पडते आणि अडते. म्हणून दोरा निवडताना स्थिर वजनाचा विचार पुरत नाही, हिसक्याचा करावा लागतो. दाभणाने शिवलेला तुकडा हिसक्याला भोकांवरून फाटला, तोलार खिंडीनंतर झाले होते तसाच. मध्यम जाडीच्या, टोकदार पण मोठ्या नेढ्याच्या सुईने, मेण लावलेल्या जाड पॉलिएस्टर दोऱ्याने आणि मागे पट्टीचा तुकडा देऊन शिवलेला जोड हिसक्यांनंतरही तसाच राहिला.

दोऱ्याच्या धाग्याबद्दल इथे थोडे सविस्तर लिहिणे गरजेचे वाटते, कारण दुकानात नायलॉन आणि पॉलिएस्टर एकाच रांगेत ठेवलेले असतात. नायलॉन मजबूत आहे, पण तो पाणी शोषतो, ओला झाला की काहीसा कमजोर होतो आणि ताणला जातो; उन्हातही तो पॉलिएस्टरपेक्षा लवकर खराब होतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, म्हणून पावसाळी ट्रेकमध्ये जोड सैल पडत नाही. सुती दोरा ओला असताना कोरड्यापेक्षा कमजोर होत नाही, उलट थोडा अधिक ताण घेतो; त्याचा घात होतो तो नंतर, ओल्या सॅकमध्ये राहून त्यावर बुरशी चढते तेव्हा. ठाण्यासारख्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कपाटात ठेवलेल्या सुती दोऱ्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

डबीत काय ठेवले

डबी म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची प्लास्टिकची नळी घेतली. तिच्या झाकणाच्या आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि झाकण घट्ट बसते. शिवणाच्या बहुतेक सुया पोलादाच्या असून त्यांवर पातळ मुलामा असतो. तो घासला गेला की कोकणच्या हवेत गंज धरायला वेळ लागत नाही, आणि गंजलेली सुई कापडात अडकते व दोरा कापते. दाणे काही काळाने ओलावा शोषून निरुपयोगी होतात, म्हणून सुया शिलाई मशिनच्या तेलाचा थेंब टाकलेल्या फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून ठेवल्या आहेत.

सुया चारच आहेत. मोठ्या नेढ्याच्या जाड टोकदार सुया दोन, कारण काकांच्या पद्धतीने शिवायला दोन सुया लागतात. तिसरी चामड्याची, तीन धारांचे टोक असलेली. ती भोक पाडण्यापुरती वापरायची, कारण तिच्या धारा साध्या कापडाचे धागे कापतात. चौथी साधी सात नंबरची, पँट फाटली वा बटण तुटले तर त्यासाठी. साध्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते, हे दुकानात लक्षात ठेवावे लागते. गाद्या शिवतात तशी वाकडी सुईही विचारात घेतली होती, कारण फोम भरलेल्या पट्ट्याच्या आतून सुई बाहेर काढायला ती सोयीची असते. पण ती नळीत मावत नाही आणि सॅकची शिवण थोडी उसवून आतून हात घालता येतो, म्हणून वगळली.

जाड दोरा दहा मीटर ठेवला. दोन सुयांनी शिवताना शिवणीच्या लांबीच्या साधारण चौपट दोरा जातो, चौकोन आणि कर्ण मिळून एका पट्ट्याला दीड-दोन मीटर सहज संपतो, आणि एका ट्रेकमध्ये दोन पट्टे दुरुस्त करण्याची वेळ येऊ शकते. दोरा रिळासकट न ठेवता जाड प्लास्टिकच्या चपट्या पट्टीवर गुंडाळला. त्यातला एक हाताएवढा दोरा दोन्ही जाड सुयांत आधीच ओवून ठेवलेला असतो. अंधारात, थंडीत सुईत दोरा ओवणे हे दुरुस्तीतले सर्वांत किचकट काम आहे आणि ते घरी दिव्याखाली बसून करून ठेवता येते.

सुई ढकलण्यासाठी धातूचे अंगुस्तान आहे. ती ओढून बाहेर काढण्यासाठी छोटा पक्कड घेण्याचा आग्रह गटात काही जणांनी धरला होता. पण एकटा पक्कडच बाकीच्या डबीहून जड भरला. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा अंगठ्याएवढा तुकडा ठेवला. तो बोटांत धरून सुई पकडली की घामाने ओल्या हातातूनही ती निसटत नाही, आणि वेळप्रसंगी तोच तुकडा कापून रबरबँडसारखा वापरता येतो. मेणाचा वाटाण्याएवढा खडा, दोन मोठ्या सेफ्टी पिना आणि पातळ पाते एवढे झाल्यावर नळी भरते. डक्ट टेप नळीच्या बाहेरूनच गुंडाळला आहे. रंगीत दोरे, बटणे, मोजपट्टी आणि सुईत दोरा ओवायची तार काढून टाकली.

नळीत न मावणाऱ्या तीन वस्तू एका छोट्या पिशवीत तिच्याबरोबर राहतात : पंचवीस मिलीमीटरच्या पट्टीचा एक तुकडा, मोडलेल्या छत्रीच्या कापडाचा हातरुमालाएवढा तुकडा आणि एक सुटे बक्कल. बक्कल चिरीचे आहे, म्हणजे त्याच्या दांडीला बारीक फट असते; पट्टी न उसवता त्या फटीतून सरकवून बसवता येते. चेनचा सुटा रनर मात्र प्रत्येकाने आपल्या सॅकप्रमाणे आणावा असे ठरवले आहे, कारण पाच नंबरचा रनर आठ नंबरच्या चेनवर चालत नाही, आणि तो नंबर बहुधा रनरच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. चेन मिटत नसेल तर पुष्कळदा रनरचे जबडे उघडलेले असतात; पकडीने ते हलकेच दाबले की काम भागते. स्टोव्हच्या सामानात पक्कड असतोच, तो त्या वेळी वापरता येतो.

डबीच्या कक्षेबाहेरचे

शिवायचे नाही अशी दोन कामे यादीवर ठळक लिहून ठेवली आहेत. पहिले काम तंबूचे वरचे कापड आणि रेनकोट. सुईचे प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला वाट, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी टेप लावावा. सिलिकॉनचा लेप असलेल्या नायलॉनवर साधा टेप चिकटत नाही, त्यासाठी वेगळा टेप घरूनच आणावा लागतो. शिवणे अटळ झालेच, तर घरी आल्यावर शिवणीवर सीलर लावल्याशिवाय तो तंबू पुन्हा पावसात नेऊ नये.

दुसरे काम बुटाचे तळ, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी अडचण हीच आहे. अनेक ट्रेकिंग बुटांचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत पडून राहिलेल्या बुटात हा थर हळूहळू विघटित होतो, बूट फारसा वापरला नसला तरी. आणि मग एका चढात तळ सरळ खाली पडतो. त्या भुसभुशीत थराला टाकाही धरत नाही. तिथे ओढदोरी बुटाच्या पुढच्या भागाभोवती आणि घोट्यामागून आठाच्या आकारात आवळून, त्यावर टेप गुंडाळून गाव गाठावे. झटपट चिकटवणारा गोंद सुती मोज्यावर किंवा कपड्यावर सांडला तर रासायनिक अभिक्रियेने इतका तापतो की कातडी भाजू शकते. म्हणून बूट पायात असताना त्यावर तो ओतू नये. खरा उपाय निघण्याच्या आठवडाभर आधी घरी बूट वाकवून, तळाच्या कडा अंगठ्याने दाबून पाहण्याचा आहे.

डबी कोणाकडे असावी यावरही विचार झाला. पूर्वी पाकीट ज्याच्या हाती लागेल त्याच्या सॅकमध्ये जाई, आणि तोलार खिंडीत ते पुढे निघून गेलेल्या जोडीकडून हाका मारून परत मागवावे लागले होते. आता ती गटाच्या शेवटी चालणाऱ्याकडे, सॅकच्या वरच्या कप्प्यात असते. ज्याचे सामान मोडते तो मागे पडतो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणारा हा पहिला माणूस असतो. काकांनी दुरुस्त केलेला पट्टा अजून त्याच सॅकवर आहे, आणि शेवटी चालणाऱ्याला चौकोनी टाका घरी एकदा जुन्या कापडावर घालून दाखवावा लागतो, तेव्हाच डबी त्याच्या ताब्यात दिली जाते.